रुळांतली दवंडी

छोट्या रेल्वेचं प्रदर्शन बघायला गेलं की लोक घाट बघतात, बोगदे बघतात, बोटभर उंचीचा स्टेशन मास्तर बघतात. मी वाकून टेबलाखाली बघतो. वरचं गाव कितीही देखणं असलं, तरी ते जगतं खालच्या तारांवर.

पूर्वी या तारांचा गुंता फार असे. रुळांत एकदिश प्रवाह सोडायचा. दाब वाढवला की वेग वाढे, धन-ऋण उलटवलं की गाडी मागे फिरे. पण हुकूम रुळाला मिळे, इंजिनाला नाही. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम निघत. एक थांबवून दुसरं हलवायचं, तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी तार आणि वेगळं बटण द्यावं लागे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बेर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीने वेगळी वाट काढली. पुढे अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने त्याच पायावर डीसीसी हे सर्वांसाठीचं मानक ठरवलं. आता रुळांत दाब कायम असतो, साधारण १५ व्होल्ट; पण त्याची दिशा सतत उलटत राहते. ५८ मायक्रोसेकंदांत उलटली तर तो ‘एक’, १०० किंवा जास्त लागले तर ‘शून्य’. या एक-शून्यांतून हुकूम तयार होतो. गावात दवंडी पिटली की ऐकू सगळ्यांना येते, पण ज्याचं नाव घेतलं तोच उठतो, इथेही तसंच. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर, त्याला स्वतःचा क्रमांक. कोरं इंजिन बहुधा ३ क्रमांक घेऊनच डब्यातून बाहेर येतं.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक हुकमाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही, तर डिकोडर हुकूम सरळ सोडून देतो. चुकीचं ऐकून धावण्यापेक्षा आहे तसं चालत राहावं, हा त्याचा शहाणपणा. नियंत्रक न कंटाळता तोच हुकूम पुन्हा पाठवतो.

हुकूम आणि वीज दोन्ही त्याच दोन रुळांतून येतात, म्हणून तारांना कमी लेखून चालत नाही. रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे. तांब्याच्या मानाने ते वीज बरीच अडवतात, आणि त्यांचे सांधे काळाबरोबर सैल होतात. म्हणून टेबलाखालून जाड तांब्याच्या दोन मुख्य तारा न्यायच्या आणि ठिकठिकाणी बारीक तारा डाख देऊन रूळ त्यांना जोडायचे. गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परतते, तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तेवढा वळसा दोन्ही टोकांना तोडून ऑटो-रिव्हर्सरवर द्यायचा. त्याने रुळांची बाजू फिरवली तरी इंजिन थबकत नाही, कारण पुढे-मागेचा हुकूम आता त्याच्या पोटात आहे.

टेबलाखालच्या तारांत रमणारा मी एकटा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६पासून मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. त्यातली काही मुलं डबे रंगवत, काही टेबलाखाली रिले आणि तारा जोडत. पुढे संगणकाच्या नादाला लागली ती मुख्यतः दुसरी.

तुम्ही अशी छोटी रेल्वे मांडत असाल, तर नवं इंजिन घेण्याआधी एक परीक्षा करा. वीज सुरू ठेवून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात दोन्ही रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवा. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने तत्क्षणी वीज तोडली, तर जोडणी ठीक. तोडली नाही, तर तारा बारीक आहेत किंवा सांधे कच्चे; पुढे कधी डबा रुळावरून घसरून शॉर्ट झाला, तर पाच अँपिअरचा प्रवाह चाकांतून वाहत राहील आणि प्लॅस्टिक वितळेल. तेव्हा आधी तारा, मग इंजिन.