जू घासल्याशिवाय तेल लावू नका

मृग जवळ आला. बियाणं, खत, पेरणीचं सगळ्यांचं ठरलं असेल. आज जुवाबद्दल लिहितो. ट्रॅक्टर गावोगावी आले, तरी सोयाबीन अन् कपाशीत डवरणीला आमच्याकडे अजून बैलजोडीच लागते.

मागच्या जुलैत शेजारच्या भावाच्या बैलाचा खांदा सुजला. ऐन डवरणीत जोडी आठ दिवस बसून. तण वर आलं, निंदणाची मजुरी अंगावर पडली. खांदेसुजीची कारणं बरीच आहेत. जोडीची उंची सारखी नसणं, ओझं जास्त होणं, ओल्या खांद्यावर काम घेणं. खरबरीत जू हे त्यातलं एक, अन् ते घरबसल्या दुरुस्त होते.

माझं जू सागाचं, लाकूड परतवाड्याकडचं. दर उन्हाळ्यात फुटक्या काचेच्या धारेनं त्याचा जुना थर खरवडतो. मंग 80 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर 120. घासायचं लाकडाच्या रेषेनं, आडवं घासलं की ओरखडे पडतात. नंतर ओल्या फडक्यानं पुसून वाळू देतो. दबलेली कुसं पाण्यानं उभी राहतात, ती 220 नंबरनं हलक्या हातानं काढतो. भुसा नाकात जाऊ नये म्हणून दुपट्टा बांधतो.

पारख सोपी आहे. कापसाचा बोळा जुवावर फिरवा. जिथं धागा अडकला तिथं बैलाची कातडीही सोलणार.

तेल घाणीवरचं जवसाचं. पातळ हात द्यायचा, थोड्या वेळानं वर राहिलेलं पुसून टाकायचं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जाड लावलं तर चिकटच राहते. कच्च्या तेलाला वाळायला बरेच दिवस लागतात, म्हणून हे काम वैशाखाच्या उन्हातच काढा. पहिला हात वाळला की पुन्हा बारीक कुसं उठतात, धूळ बसलेली असते. 220 चा वापरलेला पेपर हलका फिरवा, कोरडं पुसा, मंग दुसरा हात. असे तीन.

शेजारी म्हणे, "काहून घासत बसता बाप्पा? ऑइलपेंट मारा अन् मोकळे व्हा." पण घामानं अन् घासण्यानं रंगाचा पापुद्रा सुटतो, त्याच्या कडा खांद्याला टोचतात. जुन्या चकचकीत थरावर न घासता मारलेला रंग तर धरतच नाही.

एक गोष्ट जपा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोठ्यात फेकू नका. तेल वाळताना गरम होते, बोळा आपोआप पेटू शकतो, अन् बाजूला कुटार असते. फडकी मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण तूप-हळद लावून खांद शेकतो. पण बैलाचं डवरणीचं काम त्याच्या आधीच होऊन जाते. म्हणून जुवाकडे आत्ताच पाहा. खांदा सुजलाच तर फोडू नका, जोडी थांबवा अन् पशुवैद्यकाला दाखवा.