आधी नाक खाली

आज गोंदूरच्या धावपट्टीवरून उडून उंचावर स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटण्याचा, सराव केला. इंजिनाची ताकद कमी करून नाक वर धरत गेलो. वेग घटला, इशाऱ्याचा भोंगा वाजला, सेसना विमान थरथरलं. अशा वेळी हात आपसूक कंट्रोल मागे ओढू पाहतो. पण पंखावरून हवेचा प्रवाह सुटलेला असतो. कंट्रोल पुढे केला, नाक खाली गेलं, की पंख पुन्हा उचल धरतो. मग पूर्ण थ्रॉटल.

रात्री गावी, वटारला, आईला फोनवर हे सगळं सांगितलं. परवान्याचंही बोलणं निघालं. १९२९ साली जे. आर. डी. टाटांनी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. आज व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. आमच्या वाड्यांतल्या मुलामुलींनो, भौतिकशास्त्र मनापासून शिका. ते पंखावर प्रत्यक्ष भेटतं.