बोहाड्याचे मुखवटे

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड उभा राहतो. वेरूळचे कैलास लेणे, घारापुरीची त्रिमूर्ती, नाही तर शहरातल्या चौकात चबुतऱ्यावर चढलेला एखादा अश्वारूढ पुतळा. शिल्पाने स्थिर राहावे आणि पाहणाऱ्याने त्याच्याभोवती फिरावे, अशी आपली समजूत असते. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत एक निराळेच शिल्प पाहावयास मिळते. ते माणसाच्या तोंडावर चढते, संबळाच्या ठेक्यावर पुढेमागे डोलते, आणि वर्षातून काही रात्रींपुरतेच सर्व गावाच्या दृष्टीस पडते. बोहाड्याचे मुखवटे हे ते शिल्प होय.

सह्याद्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात, सुमारे ४५० मीटर उंचीवर जव्हार वसले आहे. चौदाव्या शतकात मुकणे या महादेव कोळी घराण्याने येथे राज्य स्थापन केले, आणि १९४८ साली विलीन होईपर्यंत ते संस्थान टिकून राहिले. जव्हारच्या पूर्वेला मोखाडा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची वस्ती या दोन्ही तालुक्यांत आहे. उतारावरच्या मातीत नागली आणि वरई, खाचरांत भात, एवढेच येथले मुख्य पीक. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि वैतरणेचे पाणी दूरवरच्या मुंबईची तहान भागविते. परंतु चैत्र उजाडला की येथल्याच बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा-उतरावा लागतो. शेते उघडी पडलेली असतात आणि पळसाची फुले झडून जमिनीवर आलेली असतात. अशा त्या कोरड्या दिवसांत, होळी उलटल्यानंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, एकेका गावी बोहाड्याच्या रात्री येतात. कोठे त्याला भोवाडा असेही म्हणतात. उत्सव जगदंबेचा, पण तिच्या मांडवात सर्व देव-दानवांना बोलावणे असते.

या रात्रींची तयारी फार आधी, एखाद्या झाडापाशी सुरू होते. मुखवटा कोरणारा कारागीर लाकूड पारखून घेतो. ते मजबूत हवे, पण जड नको. कारण ते भिंतीवर लटकावयाचे नसून माणसाच्या मानेने पेलावयाचे असते. पांगारा, सावर, शिवण यांसारखे हलके लाकूड त्यास मानवते. कुऱ्हाडीने ओंडका छिनला जातो, वाकसाने त्याला गोलाई येते, पटाशी आणि किकरे यांनी नाक, ओठ, भुवया उमटतात. मग ओंडका उलटा करून आतून पोखरावयाचा. बाहेरची बाजू देवाची असते, आतली माणसाची; आणि आतली बाजू नीट झाली नाही तर बाहेरच्या देवाला पाऊलही टाकता येत नाही. जेथे लाकूड फारच जड होईल तेथे कागदाचा लगदा उपयोगी पडतो. कागद भिजवून कुटावा, त्यात मेथीची किंवा चिंचोक्याची खळ मिसळावी, साच्यावर थर चढवीत जावे आणि उन्हात वाळवावे. असा मुखवटा लाकडापेक्षा हलका, तरीही टणक होतो. रावणाची अनेक तोंडे एका माणसाच्या खांद्यावर चढवावयाची, तर बांबूच्या कामट्या आणि लगदा यांचाच आधार घ्यावा लागतो.

मुखवट्याचे डोळे वटारलेले, कपाळ पुढे आलेले, मिशा ठसठशीत आणि रंग भडक असतात. शहरातल्या पाहुण्याला ते प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. कारागिराला बारकावा साधला नाही, असाही ग्रह होईल. पण मुखवटा दिवसाउजेडी, हातभर अंतरावरून न्याहाळण्यासाठी घडविलेलाच नसतो. तो पाहावयाचा असतो टेंभ्यांच्या हलत्या उजेडात, धुरातून, गर्दीच्या मागच्या रांगेतून. तेथे नाजूक रेषा विरून जाते. खोल खाच तेवढी सावली धरते आणि उंच कपाळ उजेड झेलते. ज्योत हलली की खाचेतली सावली हलते आणि लाकडी ओठ बोलल्यासारखे दिसतात. कारागिराने हे सारे कोरतानाच ध्यानात घेतलेले असते. पहाटेच्या गार वाऱ्यात टेंभा कसा फडफडेल, याचा अंदाज त्याच्या पटाशीच्या टोकाला असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

प्रत्यक्ष रात्र उजाडते तेव्हा — बोहाड्याच्या बाबतीत रात्रच उजाडते असे म्हणावयास हवे — गावातल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे दाटीवाटीने बसतात. पोरे आईच्या पदराआड, म्हातारी घोंगड्या पांघरून. संबळ कडाडतो, पिपाणीचा सूर चढतो, आणि रस्त्याच्या टोकाकडून गणपती येतो. त्याच्यामागून शारदा येते. मग राम-लक्ष्मण, मारुती, त्राटिका, भीम, बकासुर, भस्मासुर आणि त्याला भुलविणारी मोहिनी, खांब फोडून निघणारा नरसिंह. एकेक सोंग नाचत पुढे येते, मागे हटते, पुन्हा पुढे येते. प्रत्येकाचा ठेका निराळा, पावले निराळी. गणपती डुलत येतो. राक्षस उसळ्या घेतो, आणि पुढच्या रांगेतली पोरे किंचाळून मागे सरतात. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे अशी वहिवाट असते. बापाने नाचविलेला देव मुलगा नाचवितो. मुखवटा चढविण्यापूर्वी त्याची पूजा होते. दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहणारा माणूस त्या क्षणापासून देव असतो, आणि त्याच्या शेजारच्यालाही त्यात काही खोटे वाटत नाही. अखेरीस जगदंबा येते, महिषासुराशी तिचे युद्ध होते, आणि असुर पडतो तेव्हा पूर्वेकडे डोंगराची कड पांढरी होऊ लागलेली असते.

बोहाड्याच्या कारागिराचे प्रदर्शन ते हेच. त्याला दालन नाही, तिकीट नाही, आणि शिल्पाखाली कर्त्याच्या नावाची पाटीही नाही. परंतु या प्रदर्शनाचे परीक्षक फार कडक असतात. मागच्या वर्षीचा नरसिंह कसा होता, त्याच्या आधीचा कसा होता, हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. मुखवटा बसला नाही, त्यात तेज उतरले नाही, तर पहाटेपर्यंत ती वार्ता चुलीचुलीपर्यंत पोचते.

मुखवट्यांनी आधुनिक शिल्पकलेला केवढे धडे दिले आहेत, हे जगाच्या कलेचा इतिहास चाळला म्हणजे कळून येते. १९०७ साली पॅरिसमधील त्रोकादेरो येथील संग्रहालयात पिकासो या तरुण चित्रकाराने आफ्रिकेतील मुखवटे पाहिले. चेहरा हुबेहूब न दाखविताही अधिक जिवंत करता येतो, हे त्या लाकडांनी त्याला दाखविले. पुढे १९१२ साली त्याने पुठ्ठ्याची एक गिटार घडविली. गिटारीच्या पोटातील भोक वास्तविक खोलगट. पण त्याने ते नळीसारखे बाहेर काढले. पश्चिम आफ्रिकेतील ग्रेबो लोकांच्या मुखवट्यांत डोळे असेच नळ्यांसारखे बाहेर आलेले असतात, आणि ती युक्ती तेथूनच त्याला सुचली. आधुनिक शिल्पकलेला नवी दिशा देणाऱ्या कृतींत आज त्या गिटारीची गणना होते. पिकासोचे नाव जगभर झाले. परंतु ते मुखवटे कोरणाऱ्या बहुतेकांची नावे कोणी टिपूनही ठेवली नव्हती. आपल्याकडे शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ साली सिमेंट आणि तांबड्या खडीतून संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प उभारले. तेथे आदिवासी माणूस शिल्पाचा विषय म्हणून सन्मानाने उभा राहिला. तोच शिल्पाचा कर्ताही असतो, याची जाणीव होण्यास मात्र आणखी काळ जावा लागला.

ती जाणीव जव्हारच्या शेजारीच, डहाणू तालुक्यातील गंजाड येथे, एका माणसाच्या रूपाने प्रकट झाली. वारली घरांच्या भिंतींवर लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे. जिव्या सोमा मशे यांनी ती रीत ओलांडून तांदळाच्या पिठाचा तो पांढरा रंग हाती घेतला. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या दृष्टीस त्यांची चित्रे पडली, आणि भिंतीवरची चित्रे कागदावर व कापडावर येऊन जगाच्या दालनांत पोचली. २००३ साली रिचर्ड लाँग हे ब्रिटिश शिल्पकार वारल्यांच्या प्रदेशात आले. १९६७ साली, विद्यार्थिदशेत, गवतावरून एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालून उमटलेल्या पायवाटेलाच त्यांनी शिल्प मानले होते. पावलांनी घडावे आणि पुन्हा गवताखाली मिटून जावे, असे ते शिल्प. तारप्याभोवती रात्रभर फेर धरून जमिनीवर वर्तुळ उमटविणाऱ्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे लाँग आणि मशे यांच्या कृतींचे एकत्र प्रदर्शन भरले. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. प्रदर्शनांनी त्यांना दोन गोष्टी दिल्या: स्वतःचे नाव, आणि पुढच्या पिढीतील अनेक हातांना काम.

मग बोहाड्याच्या मुखवट्यांनीही याच वाटेने जावे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चित्र भिंतीवरून कागदावर आले तरी ते चित्रच राहते. मुखवटा मात्र खुंटीला टांगला की त्याचे अर्धे अंग गळून पडते. नाचविताना आतल्या माणसाला रस्ता दिसावा म्हणून त्याच्या डोळ्यांपाशी बारीक भोके पाडावी लागतात. दिवाणखान्याच्या शोभेसाठी केलेल्या मुखवट्याला ती नसली तरी चालते. त्याचे वजनही कोणाच्या मानेला विचारून ठरवावयाचे नसते. ही भोके लहान आहेत खरी. पण मुखवट्याच्या मागे एक माणूस आहे, याची ती खूण आहे. ती बुजली तर उरेल ती केवळ शोभेची वस्तू.

तरीही कारागिराने केवळ परंपरेवर पोट भरावे, असे म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्यांना नाही. भाताची कापणी आटोपली की येथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी उतरतात. ज्याने नरसिंह नाचवावयाचा तो तरुण ऐन बोहाड्याच्या दिवसांत दूर कोठे विटा वाहत असेल, तर मुखवटा कितीही सुंदर असला तरी तो कोणाच्या तोंडावर चढणार? दालनात विकल्या गेलेल्या चार मुखवट्यांच्या पैशांवर एखादा कारागीर गावातच राहू शकला, आणि पाचवा मुखवटा त्याने गावासाठी कोरला, तर त्या विक्रीत कमीपणा कसला? मात्र त्या दालनात मुखवट्याखाली त्याच्या कर्त्याचे नाव आणि गाव स्पष्ट लिहिलेले असावे. आणि तो कोणत्या सोंगाचा आहे, कोणत्या ठेक्यावर नाचतो, हेही पाहणाऱ्याला सांगितले जावे. एवढे केले म्हणजे स्तब्ध टांगलेल्या लाकडामागची हलती रात्र निदान कल्पनेने तरी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहील.

दगडी शिल्पाचा वारसा शेकडो वर्षे जागचा हलत नाही. लाकडी मुखवट्याला तेवढे आयुष्य नसते. त्याला वाळवी लागते, घाम लागतो, पावसाळी ओल लागते. म्हणून जुन्याला पुन्हा रंग चढवावा लागतो, आणि तो अगदीच जीर्ण झाला म्हणजे त्याला समोर ठेवून नवा कोरावा लागतो. त्यासाठी प्रत्येक पिढीत कोणीतरी वाकस हाती धरावा लागतो आणि कोणीतरी ते ओझे मानेवर घ्यावे लागते. मुखवटा नाशवंत आहे म्हणूनच विद्या हातातून हातात जात राहिली. संग्रहालयाने जुने मुखवटे अवश्य जपावेत. पण नवा मुखवटा कोरण्याचे काम कोणत्याही संग्रहालयाला करता येणार नाही. ते जव्हार-मोखाड्याच्या अंगणांतच, लाकडाच्या ढलप्यांत बसून व्हावयास हवे.