नसलेली तबकडी

कोल्हापुरात मैफल दोनदा होते. एकदा रंगमंचावर आणि मग बाहेर, चपला शोधता शोधता. देवल क्लबाच्या दारात थांबलेली मंडळी नुकताच ऐकलेला नट कामोद पुन्हा मांडून बसतात.

"तान झकास होती की."

"होती. पण केसरबाईंचा नट कामोद ऐकलायस काय?"

एवढं झालं की घरी जायची घाई कुणालाच उरत नाही. १८८३ सालच्या या क्लबानं शहराला गाणं दिलं, तसा हा वादही दिला. मला दोन्हींचं सारखंच अप्रूप आहे.

इथल्या प्रत्येक वादाच्या मुळाशी एक गवई असतो आणि त्याचा आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही. अल्लादिया खाँ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर कोल्हापूरचेच होऊन राहिले. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला होता. पहिला गोडवा काही परत आला नाही. मग जो गळा उरला, त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली : लयीचं बोट न सोडणारी, पेचदार, अनवट रागांत आणि जोडरागांत रमणारी. रेकॉर्ड कंपन्या तेव्हा गावोगावचे आवाज टिपत हिंडत होत्या. तरी १९४६ मध्ये खाँसाहेब गेले ते एकही ध्वनिमुद्रण मागे न ठेवता. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची पहिली तबकडी निघालीच नाही, आणि आम्ही मात्र प्रत्येक नवी तबकडी तिच्याशी ताडून बघतो.

कुणाला ती खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंच्या जुन्या ७८च्या रेकॉर्डमध्ये सापडते. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करणारा तो खणखणीत आकार! त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, हे सांगताना म्हाताऱ्या रसिकांची मान आजही ताठ होते. कुणी मोगूबाईंच्या लयीच्या हिशेबावर जीव टाकतो. कुणी मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव काढतो. त्यांचे गुरू, खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ १९३७ मध्ये अकाली गेले, तेव्हा मन्सूर मंजी खाँचे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे शिकू लागले. भुर्जी खाँ तर आमच्या गावचे, त्यामुळे मन्सूरही आम्ही आपल्यातच धरतो.

खरी ठिणगी पडते ती किशोरीताईंच्या भूपावर. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई यांची ही मुलगी, आईच्या करड्या शिस्तीत वाढलेली. तिनं लय सैल केली, आलापाला ऐसपैस जागा दिली, स्वरापाशी थांबून राहिली. जुने जाणकार म्हणाले, हे जयपूर नव्हे. पन्नाशी उलटली या वादाला, अजून तो मिटलेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ती नसलेली तबकडी मला सगळ्यांत जवळून ऐकू येते ती याच भूपात. खाँसाहेबांनी तरी काय केलं होतं? वाडवडिलांचं गाणं जसंच्या तसं गाणं गळ्याला झेपेना, तेव्हा आपल्या गळ्याचं गाणं शोधलं. किशोरीताईंनी आपल्या मनाचं शोधलं. घराणं चिजांत आणि तानांच्या वळणांत असतंच, पण या शोधण्याच्या हिमतीतही असतं. हे म्हटलं की एखादे बुवा हमखास तावातावानं उठतात, आणि त्यांचंही ऐकावंसं वाटतं. त्यांनी केसरबाईंना समोर बसून ऐकलेलं असतं. मी फक्त तबकडीवर.

आता कॉलेजातली पोरं नवं गाणं मोबाइलवर घेऊन येतात. माझी जुन्या रसिकांना एवढीच विनंती आहे : पोरानं इअरफोन पुढे केला तर निदान दोन आवर्तनं शांतपणे ऐका. मग खुशाल भांडा.