'कुंकू' आणि आमची आत्या

व्ही. शांताराम म्हटलं की बहुतेकांना 'नवरंग' आठवतो, नाहीतर 'पिंजरा'. रंग, नाच, भव्य सेट. मला मात्र त्यांचा १९३७ चा काळा-पांढरा 'कुंकू' सगळ्यांत मोठा वाटतो. कारण थोडं घरगुती आहे.

आधी थोडी माहिती (जन्मभर मास्तरकी केली, सवय जात नाही!). कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत हा माणूस शिकला. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. 'कुंकू' तिथलाच, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे काय उभी राहिली आहे त्यात! आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. त्यांना हळूहळू स्वतःचीच लाज वाटू लागते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे आवाज.

आता घरगुती भाग. माझी धाकटी आत्या १९३९ मध्ये, सोळाव्या वर्षी, बिजवरालाच दिली. 'कुंकू' येऊन दोन वर्षं झाली होती. आजोबांनी तो पाहिला होता आणि चारचौघांत वाखाणलाही होता! हे मला वडिलांनी सांगितलं, तेही एकदाच.

पुढे तो दूरदर्शनवर लागला तेव्हा आत्या आमच्याकडे होती. ती तिशीतच विधवा झालेली. शेवटी काकासाहेब जीव देतात आणि नीरा सुटते. आत्या एवढंच म्हणाली, "सुटली खरी. पण मग राहिली कुणाकडे?" आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

नंतरचे शांतारामबापू मोठे नव्हते असं नाही. १९४२ मध्ये 'प्रभात' सोडून त्यांनी परळला 'राजकमल' उभारलं. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) तर औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला, कथा गदिमांची. १९५८ मध्ये त्याला बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. १९८५ चा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. पण 'माणूस' (१९३९) मधली मैना आपलं काय करायचं ते स्वतः ठरवते; 'पिंजरा' (१९७२) मधली चंद्रकला मुख्यतः मास्तरांच्या अधःपतनासाठी आहे. मास्तर असूनही माझी सहानुभूती त्या मास्तरांकडे फारशी जात नाही. लागूंचं काम मात्र अप्रतिम!

भाचीने विचारलंय, आधी कोणता पाहू? 'कुंकू' बघ. आणि आवाज जरा मोठा ठेव, भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला हवं.