शिफारस म्हणजे वशिला नव्हे

"वशिला आहे का?" हा प्रश्न डी.एड. झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलाय की शिफारस या शब्दाचाच मला राग यायचा. 2017 नंतर पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणीच्या गुणांना महत्त्व आलं. तरी खासगी शाळेत आजही आधीच्या शाळेला फोन जातोच, "बाई कशा आहेत?"

माझी पहिली नोकरी जत तालुक्यात, कर्नाटक सीमेजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत. पहिलीतल्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड. एक पोरगी रोज "मनी, मनी" म्हणून रडायची. मला वाटलं, पैसे हरवले असतील. मनी म्हणजे घर, हे शिपाईमामांनी सांगितलं. त्या दिवशी मी एक वही घातली. नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण. मुलं मला शिकवायची, मी मुलांना.

चार वर्षांनी नोकरी सोडली. अनुभव प्रमाणपत्रात एकच ओळ: वर्तणूक समाधानकारक. फार वाईट वाटलं. तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी स्वतःहून पानभर पत्र लिहून दिलं. त्यात त्या वहीबद्दल होतं. आणि "फळ्यावरचं अक्षर अजून सुधारायला हवं" हेही होतं! मी म्हटलं, "बाई, एवढं वाक्य काढा की." त्या म्हणाल्या, "ते काढलं तर बाकीचं खरं कोण मानेल?"

मुलाखतीत मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि पत्र वाचलं. विचारलं, "ती वही आहे का अजून?" मी पिशवीतून काढून दिली. पुढची सगळी मुलाखत त्या वहीवरच झाली.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचं उदाहरण आपण मुलांना सांगतो. बागेत वाचत बसणारा भीमराव त्यांनी स्वतः पाहिला होता. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी त्याला बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. वशिला नातं बघतो, शिफारस काम बघते. फरक एवढाच.

गेल्या वर्षी एका तरुण सहकाऱ्याने माझ्याकडे पत्र मागितलं. गाण्यातून गणित शिकवावं तर त्यानेच. पण एसटी चुकली म्हणून आठवड्यातून दोनदा उशीर. दोन दिवस मला लिहवेना. शेवटी दोन्ही लिहिलं. त्याने वाचलं, घडी घातली, काही बोलला नाही. नोकरी त्याला मिळाली. पत्र जोडलं होतं का, हे मी विचारलं नाही. दिवाळीला मात्र त्याचा फोन आला, "बाई, आता शाळेजवळच खोली घेतलीय."

म्हणून सांगते, नोकरी बदलताना ज्यांनी तुमचा वर्ग पाहिलाय त्यांच्याकडेच पत्र मागा, शेवटच्या दिवशी घाई करून नको. आणि तुमच्याकडे कुणी मागितलं तर पाहिलं तेवढंच लिहा, पण मनापासून लिहा.