तुंगार्लीच्या सावलीतील ताटवा

लोणावळ्याहून राजमाचीकडे निघालेली वाट तुंगार्लीच्या तलावावरून जाते. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबईकर कुटुंबांची लोणावळ्यात विश्रांतीसाठी घरे उभी राहिली. तुंगार्लीतही आज बंगल्यांची दाटी आहे. आंबा-जांभळांच्या गर्द सावलीत हिरवळ धरत नाही, गुलाब रुसतो. तिथे हायड्रेंजिया मात्र सुखाने नांदतो.

त्याच्या नावाचा ग्रीक अर्थच जलपात्र असा आहे. बीजकोशाच्या आकारावरून ते नाव पडले. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावी ते शोभतेही. अशा पावसाने मातीतील चुना धुऊन जातो, माती आम्ल होते, तिच्यातील ॲल्युमिनियम मुळांना मिळू लागते आणि फुलांचे गेंद निळे होतात. तेच झाड चुना झिरपणाऱ्या भिंतीलगत लावले, तर गुलाबी फुलते. रोपवाटिकेत रंग पाहून रोप घेणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

विलायती बागांच्या चित्रांत या गेंदांमागे फॉक्सग्लोव्हचे उंच तुरे डोलताना दिसतात आणि तशीच जोडी आपल्या अंगणात असावी, असे अनेकांस वाटते. ही फुले तिळाच्या फुलांसारखी दिसतात, म्हणून आपल्याकडे तिला तिळपुष्पी म्हणतात. परंतु इंग्लंडमधील उन्हाळ्याचे महिने हे तुंगार्लीचे धुवाधार पावसाचे महिने. त्या पावसात तिळपुष्पीचा गाभा कुजतो. शिवाय तिची मूळ जात पहिल्या वर्षी केवळ पाने धरते आणि थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फुलते. भारतात तिची लागवड झाली ती काश्मीर, दार्जिलिंग आणि निलगिरीच्या थंड डोंगरांत. दर पावसाळ्यानंतर माळ्यास बोल लावून नवी रोपे आणणे हा निव्वळ बुडीत खर्च होय.

हौसच असेल, तर पहिल्याच वर्षी फुलणारी ‘फॉक्सी’ जात घ्यावी. पाऊस ओसरताच बी पेरावे. ते अतिशय बारीक असते आणि उगवण्यास त्याला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकू नये. उन्हाळा तापण्यापूर्वी तुरे येतात. हायड्रेंजियाचे गेंद त्यानंतरचे. एकाच ताटव्यात दोघे पाळीपाळीने फुलतील. चित्रातील जोडी जमणार नाही.

हायड्रेंजियाची छाटणी फुले सरताच उरकावी. पुढील बहराच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच धरतात. हिवाळ्यात ‘साफसफाई’ म्हणून कात्री चालवली, की त्या वर्षी नुसती पाने. एप्रिल-मे महिन्यांत बंगला बंद ठेवून आठवडाभर पाणी तोडणे हाही तसाच घात.

एक गोष्ट मात्र खर्चाहून मोठी आहे. तिळपुष्पीचे पान, फूल, बी, सर्व विषारी आहे, फुलदाणीतील पाणीदेखील. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्ये तिच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला आणि आजही हृदयरोग्यांस दिली जाणारी डिगॉक्सिनची गोळी तिच्याच कुळातील वनस्पतीपासून मिळते. औषध आणि विष यांत येथे मात्रेचेच अंतर. सुटीत नातवंडांनी भरणाऱ्या बंगल्यात ती ताटव्याच्या मागच्या रांगेत, हात न पोहोचेल अशी असावी. हायड्रेंजियाची पानेही पोटात जाऊ देऊ नयेत.

ज्यांना हा धोका नको, त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात राजमाचीच्या वाटेवर पाहावे. उघड्या उतारावर रानतिळाला तशीच घंटेसारखी जांभळट फुले लागलेली असतात आणि झाडांखाली आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असते.